घरकोंबडे आकडे

वहिनींनी वायरिंग केलेलं लिफ्टचं पॅनेल कधी परत आलं नाही, आणि वहिनींनी दिलेला गणिताचा पेपर कधी पास होऊन आला नाही. दोन्ही गोष्टी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक होत्या. पहिलीची चर्चा तोंडावर व्हायची, दुसरीची पाठीमागे.

लिफ्ट दोराने वर-खाली होते असं लोकांना वाटतं. वाटू दे बिचाऱ्यांना. कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार कधी उघडायचं, कुणाचं बटण आधी ऐकायचं, हे सगळं ठरतं ते मशीनच्या खोलीतल्या एका लोखंडी कपाटात. तेच पॅनेल. त्याच्या पोटात रिले, फ्यूज आणि मोजता मोजता डोळे फिरतील इतक्या वायरी. वहिनी त्या वायरी जोडायच्या. प्रत्येक टोकाला नंबराची इवलीशी नळी चढवायची, टोक पकडीने दाबायचं, स्क्रू आवळायचा आणि सगळ्या वायरी वेणी घातल्यासारख्या एका वळणाने न्यायच्या. फोरमन नव्या लोकांना म्हणायचा, "वहिनींचं कपाट उघडा आणि नुसतं बघा. हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे."

पण तयार झालेलं कपाट जायचं कोपऱ्यातल्या टेस्टिंगच्या टेबलाकडे. तिथे काका बसायचे. ते एकेका मजल्याचं बटण दाबून बघायचे आणि रिपोर्टवर सही ठोकायचे. सही करायला डिप्लोमा लागतो, आणि वहिनींचा डिप्लोमा एका पेपरावर अडला होता. बाकी सगळे विषय लग्नाआधीच सुटले होते. गणित तेवढं मानगुटीवर बसलं ते उतरेना. कितीदा नापास झाल्या ते विचारू नये. वहिनी स्वतःसुद्धा विचारत नसत. काका भला माणूस. सही करताना दर वेळी म्हणायचे, "वहिनी, पोर तुमचं आणि बारसं मी करतोय." वहिनी हसायच्या. ते हसू वरवरचं असायचं, हे मात्र काकांना दिसायचं नाही.

मग काकांनी निवृत्त व्हायचं ठरवलं. फोरमनने वहिनींना बोलावलं. "खुर्ची तुमची आहे, वहिनी. कागद तेवढा आणा. नाहीतर बाहेरून माणूस घ्यावा लागेल, आणि तो तुमच्या वायरी बोटाने उचकटून बघणार." हे शेवटचं वाक्य वहिनींच्या वर्मी लागलं. त्यातच परीक्षा मंडळाने कळवलं की जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा. म्हणजे आता नाहीतर कधीच नाही.

आता गंमत अशी, की वहिनींच्या घरात गणित राहत होतं. नुसतं राहत नव्हतं, सगळ्यांच्या आधी उठून स्वतःचा चहा करून घेत होतं. वहिनींच्या सासूबाई म्हणजे निवृत्त गणित शिक्षिका. अख्खी वस्ती त्यांना "बाई" म्हणायची. बसचा कंडक्टर त्यांना पाहून अजून सदऱ्याची बटणं लावायचा. बाईंनी जन्मात कुणाला शाबास म्हटलं नव्हतं. उत्तर चुकलं तर त्या तासभर बोलायच्या, आणि बरोबर आलं तर एकच शब्द, "पुढे." वहिनींचा नवरा म्हणायचा, "मी पहिलं पाऊल टाकलं तेव्हाही आई 'पुढे'च म्हणाली असणार."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वहिनींनी दोन क्लास लावून पाहिले, शेजारच्या इंजिनियरला गाठून पाहिलं, पण सासूबाईंना कधी विचारलं नाही. सासूपुढे चुकायचं म्हणजे काय असतं, ते ज्याला सासू आहे त्यालाच कळेल. पण आता नाक दाबलं गेलं होतं. एका सकाळी बाई भाजी निवडत असताना वहिनींनी तोंड उघडलं.

"आई, मला गणित शिकवाल?"

बाईंनी भाजीतून मान वर केली नाही. "जेवताना आई म्हण. फळ्यापाशी बाई. आणि फळ्यापाशी मला सून दिसत नाही, आधीच सांगून ठेवते."

"चालेल."

"इतकी वर्षं कुठे होतीस?"

"घाबरत होते."

"हं," बाई म्हणाल्या. "निदान खरं उत्तर आहे. पुढे."

फळा म्हणजे स्वयंपाकघराचं दार. बाईंनी निवृत्त झाल्यावर ते आतल्या बाजूने काळं रंगवून घेतलं होतं. शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. चुकलेलं उत्तर त्या पुसू द्यायच्या नाहीत. त्याच्याभोवती चौकट काढायच्या, त्याला नाव ठेवायच्या आणि तसंच राहू द्यायच्या. कंसाबाहेरचं वजाचं चिन्ह आत न्यायला विसरलं, तर त्या चुकीचं नाव "उंबरठा". ओळखीचा चोर लवकर पकडला जातो, असं बाईंचं म्हणणं. पण सगळ्यात कुप्रसिद्ध चोर होता घरकोंबडा, आणि तोच वहिनींचा जन्माचा सोबती निघाला.

तो असा. मॅट्रिक्स म्हणजे चौकटीत मांडलेले आकडे. दोन वर, दोन खाली, अशी चार घरं धरा. तिचा वर्ग करायचा म्हणजे तिला तिनेच गुणायचं. वहिनी काय करायच्या, तर प्रत्येक घरातल्या आकड्याचा तिथल्या तिथे वर्ग. दोन असेल तर चार, तीन असेल तर नऊ, झालं काम. बाईंनी ते पाहिलं आणि खडू खाली ठेवला.

"हे आकडे घराबाहेर पडलेच नाहीत. घरकोंबडे आहेत मेले! अगं, आडवी ओळ चालत जाते, उभा स्तंभ उतरून येतो. पहिला पहिल्याला भेटतो, दुसरा दुसऱ्याला. गुणाकार करतात, मग बेरीज. ती बेरीज त्या घरात जाते. भेटीगाठी झाल्याशिवाय मॅट्रिक्सचा वर्ग होत नाही. घरकोंबडा कधी अंडं देत नाही, कधीच नाही, लिहून ठेव."

"कोंबडा कुठलाच अंडं देत नाही, आई," आतून नवरा म्हणाला.

"तू तुझं बघ," आई म्हणाली. आणि दारावर मोठ्या अक्षरात लिहिलं गेलं: घरकोंबडा, कधीच नाही.

वहिनींच्या हाताला जुनी सवय होती. डोकं ओळ-स्तंभ म्हणायचं आणि हात गुपचूप तिथल्या तिथे वर्ग करून मोकळा व्हायचा. बाई कडाडायच्या, "जित्याची खोड!" पुढची अर्धी म्हण सुनेला मारायला नको म्हणून त्या गिळायच्या, एवढीच काय ती माया. चहा निवायचा, भाजी करपायची, नवरा मुकाट्याने कांदा चिरायला बसायचा.

कलाटणी मिळाली ती एका साध्याशा मॅट्रिक्सने. वर एक आणि एक, खाली शून्य आणि एक. घरकोंबड्याच्या हिशेबाने तिचा कितवाही घात काढा, ती तशीच राहणार. वहिनींनी ओळ-स्तंभाने केलं. वर्गात वरच्या उजव्या कोपऱ्यात आले दोन. पुन्हा गुणलं, आले तीन. पुन्हा, चार. बाकीची घरं जागच्या जागी. वहिनी खडू धरून थांबल्या.

"बाई, ही लिफ्ट आहे."

"काय आहे?"

"लिफ्ट! दर गुणाकाराला कोपरा एक मजला चढतोय. शंभरावा घात काढायला शंभरदा गुणायलाच नको. कोपऱ्यात शंभर असणार."

बाईंनी चष्मा नीट केला. "दुसरी करून दाखव," म्हणून त्यांनी शून्य आणि एक वर, एक आणि शून्य खाली, अशी मांडणी दिली. वहिनींनी वर्ग केला, तर शून्य-एकांनी जागा बदलल्या. पुन्हा गुणलं, पहिल्या जागी परत. "हा तर जिन्यातला दिवा! खालून बटण दाबा, वरून दाबा. सम घाताला एक स्थिती, विषम घाताला दुसरी." वहिनींचा आवाज चढला होता. इतकी वर्षं ज्या आकड्यांनी छळलं, ते आपल्याच वर्कशॉपमधले निघाले, याचा त्यांना राग यावा की आनंद व्हावा ते कळेना. आनंदच झाला. त्या रात्री त्यांनी भाजी करपू दिली नाही.

"पुढे," बाई म्हणाल्या. पण जरा हळू म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी वहिनी हॉलच्या दारात पोचल्या, तर तिथल्या माणसाने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा त्यांच्या हातात ठेवला आणि "मॅडम, तुम्ही मागच्या रांगा घ्या" म्हणाला. आपण परीक्षा घ्यायला नव्हे, द्यायला आलोय, हे सांगताना वहिनींचे कान तापले. बाकावर त्यांचे गुडघे बसेनात. आजूबाजूला मिसरूड फुटलेली पोरं. पण पेपर हातात आला आणि एकेक प्रश्न ओळखीचा निघू लागला. उंबरठा दोनदा आडवा आला, दोन्हीदा धरला. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा होता. एक मॅट्रिक्स दिली होती: वर एक आणि तीन, खाली शून्य आणि दोन. वर्ग करा, घन करा, कितव्याही घाताचं सूत्र ओळखा आणि सिद्ध करा. तो सुटला तर वहिनी पास, नाही तर नाही. त्यांनी मनात गुण जोडून पाहिले होते.

त्यांनी आडवी ओळ चालवली, उभा स्तंभ उतरवला. पहिलं घर, एक. कोपरा, एक गुणिले तीन आणि तीन गुणिले दोन, तीन आणि सहा, नऊ. खाली शून्य. शेवटचं घर, चार.

आणि वहिनींनी उत्तर पुन्हा वाचलं. एकाचा वर्ग एक. तिनाचा नऊ. शून्याचा शून्य. दोनाचा चार. प्रत्येक आकडा तिथल्या तिथे, आपल्याच घरात, वर्ग होऊन बसलेला. घरकोंबडा! हातानेच पुन्हा दगा दिला. त्यांनी उत्तरावर काट मारली आणि नव्याने मांडलं. नऊ आणि चार. पुन्हा काट. आता बोटाने ओळ धरून, ओठ हलवत, पहिलीतल्या मुलीसारखं केलं. नऊ आणि चार. समोर दारावरची अक्षरं दिसायला लागली: कधीच नाही, कधीच नाही. बाईंचा शब्द खरा, की स्वतःचा हात खरा? शेजारचा पोरगा पेपर बंद करून पंख्याकडे बघत बसला होता. वहिनींचा घाम कागदावर पडला. वाटलं, उठावं आणि जावं. वायरी जोडायला जन्म घेतलाय, त्या जोडाव्यात.

वायरी म्हटल्यावर त्यांना काका आठवले. पॅनेल टेस्ट करताना पहिल्या मजल्याचं बटण दाबलं आणि दिवा लागला, की नवखे खूश होतात. काका नाही व्हायचे. म्हणायचे, "एका मजल्यावर दिवा लागला म्हणून वायर बरोबर ठरत नाही. चुकीच्या वाटेनेसुद्धा वीज दिव्यापर्यंत पोचते कधीकधी. पुढचं बटण दाबा."

वहिनींनी पुढचं बटण दाबलं. घन. ओळ-स्तंभाने कोपरा आला एकवीस. घरकोंबड्याने केलं असतं तर आले असते सत्तावीस. वाटा फुटल्या! वर्गाच्या मजल्यावर दोन्ही वाटा योगायोगाने एकाच दारात आल्या होत्या, बस एवढंच. हात शहाणा होता. वहिनींना मोठ्याने ओरडावंसं वाटलं. त्यांनी पेनचं टोपण चावलं.

चौथा घात केला. कोपऱ्यात पंचेचाळीस. आता कोपऱ्यात ओळीने उभे होते तीन, नऊ, एकवीस, पंचेचाळीस. तिघातिघांचे गट पाडले तर एक, तीन, सात, पंधरा. आणि त्यांच्या बरोबर खालच्या घरात दोन, चार, आठ, सोळा. वरचा खालच्यापेक्षा एकाने कमी, मग तिप्पट. दर मजल्याला तेच! वहिनींनी सूत्र लिहिलं. सिद्ध करायचं म्हणजे लिफ्ट तळमजल्यावर उभी आहे हे दाखवायचं आणि कुठल्याही मजल्यावरून पुढच्या मजल्यावर जाते हे दाखवायचं. दोन्ही दाखवलं. घंटा झाली तेव्हा त्या शेवटच्या ओळीखाली रेघ मारत होत्या.

घरी बाई दारातच उभ्या होत्या. चप्पल काढायच्या आत प्रश्न आला.

"शेवटची मॅट्रिक्स कुठली होती?"

"एक-तीन, शून्य-दोन."

"वर्ग?"

"एक-नऊ, शून्य-चार."

बाईंचा चेहरा उतरला. त्या स्टुलावर बसल्या. त्यांना सून नापास झाल्याचं दुःख झालं होतं, आणि ते लपवायची अक्कल त्यांना कधीच नव्हती. "अगं," त्या म्हणाल्या, "घरकोंबडाच केलास की गं शेवटी."

"बाई, गुणून बघा."

"काय बघायचंय? दिसतंय की."

"बघा तर खरं."

बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन खडू घेतला. ओळ चालली, स्तंभ उतरला, नऊ आला. त्या थांबल्या. पुसून पुन्हा केलं. नऊ. त्यांनी सुनेकडे पाहिलं, दारावरच्या "कधीच नाही"कडे पाहिलं आणि एकदम हसत सुटल्या. बाई हसतात हे घराला नवीन होतं. नवरा पंचा खांद्यावर टाकून धावत आला.

"दिलं रे!" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "घरकोंबड्याने अंडं दिलं!"

त्या रविवारी दोघी दारापाशी बसल्या ते उठेनात. घरकोंबडा कुठे कुठे अंडं देतो, ते शोधायचंच होतं. बाई अक्षरं मांडत गेल्या, वहिनी आकडे. खालच्या डाव्या घरात शून्य ठेवायचं, हे दोघींना लगेच दिसलं. मग वहिनींनी एकदम पकडलं. "बाई, तीन म्हणजे एक आणि दोन! कोपऱ्यात कर्णावरच्या दोघांची बेरीज ठेवायची." दोन, पाच, तीन करून पाहिलं, कोपऱ्यात पंचवीस. चार, अकरा, सात केलं, कोपऱ्यात एकशे एकवीस. बाईंनी एका ओळीत सिद्ध केलं: वर्गातला कोपरा म्हणजे कोपरा गुणिले कर्णावरची बेरीज; ती बेरीज कोपऱ्याएवढीच असली, की कोपरा गुणिले कोपरा. वहिनींनी टाळी दिली आणि बाईंनी ती घेतली. जेवण नवऱ्याने केलं. मीठ कमी होतं, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी बाईंनी दारावरचं "कधीच नाही" पुसलं आणि तिथे लिहिलं, "पुढचं बटण दाबा."

निकाल लागला. वहिनी पास, आणि काठावर नव्हे, चांगल्या खणखणीत पास. फोरमनने सगळी मशीनं बंद करून टाळ्या वाजवायला लावल्या. काकांनी स्वतःचं पेन वहिनींच्या खिशाला अडकवलं. "आता बारसंही तुम्हीच करा," ते म्हणाले.

पहिली सही करायच्या दिवशी बाई वर्कशॉपमध्ये हजर झाल्या. बोलावलं कुणी नव्हतं. बाईंना बोलवायची पद्धतच नाही. कडक इस्त्रीची साडी नेसून त्या टेस्टिंगच्या टेबलाशेजारी उभ्या राहिल्या. समोर वहिनींचंच पॅनेल होतं. वहिनींनी पहिल्या मजल्याचं बटण दाबलं. रिले टक्कन वाजला, दिवा लागला. दुसरा. तिसरा. मग उलट क्रमाने, मग दोन बटणं एकदम, मग दार उघडं ठेवून. एकही दिवा चुकला नाही. वहिनींनी रिपोर्ट ओढला आणि खाली आपलं पूर्ण नाव घालून सही केली.

रिपोर्ट बाजूला ठेवून त्या लगबगीने पुढच्या पॅनेलकडे वळल्या. बाईंच्या तोंडून आता तोच शब्द येणार, हे त्यांना माहीत होतं.

"थांब," बाई म्हणाल्या.

वहिनी चरकल्या. "काय चुकलं, बाई?"

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. पॅनेलमधल्या वेणीसारख्या वायरी वरपासून खालपर्यंत पाहिल्या. मग सहीवर बोट ठेवलं, आडव्या ओळीने चालवावं तसं सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं.

"आज आई म्हण," त्या म्हणाल्या. "आणि पुढे जायची घाई करू नकोस. मला हे नीट बघू दे."